एक सरोवर, अनेक विषय

बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर आहे. फार प्राचीन काळी तेथे उल्का आदळली आणि काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर तयार झाले. त्याची माहिती भूशास्त्र देते.

जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. असे का झाले? उन्हाळ्यात पाणी आटले, त्यामुळे त्यातील क्षारांचे प्रमाण वाढले. हे रसायनशास्त्राने कळते. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी गुलाबी रंगद्रव्य तयार केले. हे जीवशास्त्र सांगते. काठावरच्या जुन्या मंदिरांची माहिती इतिहासात मिळते.

सरोवरात सांडपाणी येऊ नये, यासाठी कायदा हवा. आसपासच्या लोकांचा रोजगार बुडू नये, यासाठी अर्थशास्त्रही हवे. केवळ शास्त्रज्ञाला सरोवर वाचवता येणार नाही. केवळ वकिलाला ते कशापासून वाचवायचे, हे कळणार नाही.

म्हणून पर्यावरणाच्या अभ्यासात अनेक विषय एकत्र येतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार कॉलेजात मुख्य विषयाबरोबर दुसरा एक विषय गौण म्हणून घेता येतो. पर्यावरण हा तसा विषय होऊ शकतो. मुलांनो, तुम्ही पुढे कोणताही मुख्य विषय घ्या, त्याचा पर्यावरणाशी काय संबंध आहे, याचा जरूर विचार करा.