गोदामाचा स्वस्त माल घरी आल्यावर काय भावाने पडतो?

ईद किंवा दिवाळी दोन महिन्यांवर आली की आमच्या गोरेगावच्या दुकानावर एखादा तरुण व्यापारी येऊन बसतो. चहा होतो आणि मग मुद्द्याची गोष्ट निघते. "चाचा, भिवंडीला लॉट निघाला आहे. दलाल म्हणतो अर्ध्या भावात आहे. उचलू का?" सेनगाव तालुक्यातील लहान दुकानदाराजवळ भांडवल ते किती! एक लॉट चुकला तर पूर्ण हंगाम जातो आणि पुढचा माल उधारीवर उचलावा लागतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर दुकानावर तुकड्या-तुकड्याने देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी आमची स्वतःची फजिती सांगतो. गोष्ट १९९८ ची आहे. हिंगोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो १ मे १९९९ रोजी झाला. आम्ही परभणी जिल्ह्यात होतो आणि धंद्यात नवखे होतो. भिवंडीच्या एका गोदामात काळ्या सुती पॉपलिनचे ताके रचलेले होते. रंग झकास, पन्हा पूर्ण, भाव बाजारापेक्षा जवळजवळ निम्मा. दलाल म्हणाला, "सेठ, आँख बंद करके उठा लो." आम्ही खरोखरच डोळे मिटून उचलले. माल गावी आला आणि हातोहात गेला. कोणी सलवारीला नेला, कोणी बुरख्याच्या अस्तराला. महिना-दीड महिन्यात तक्रारी सुरू झाल्या. शिवण टिकत होती, पण शिवणीशेजारचे कापडच उसवत होते. आमच्या शेजारच्या टेलर मास्तरांनी एक तुकडा दोन्ही अंगठ्यांनी ओढला तर तो कागदासारखा फाटला.

त्याचे कारण आम्हाला पुढे एका रंगाऱ्याकडून कळले. स्वस्त काळा रंग बहुधा सल्फर ब्लॅक असतो. त्यात गंधक असते. रंगाई नीट धुतली गेली नाही आणि कापड उष्ण व दमट जागी वर्षानुवर्षे पडून राहिले, तर त्या गंधकापासून हळूहळू आम्ल तयार होते आणि ते सुताची ताकद खाऊन टाकते. वरून पाहिले तर कापड नवेच दिसते. भिवंडीची हवा दमट आहे, हे वेगळे सांगावयास नको. आम्ही गिऱ्हाइकांना जमेल तसे पैसे परत केले. काहींनी घेतले नाहीत, पण पुढे दोन वर्षे आमच्याकडून काळे कापडही घेतले नाही. त्या लॉटमधील एक ताका आम्ही मुद्दाम ठेवला आहे. कोणी गोदामाला निघाला की त्याच्या हातात देतो आणि ओढायला सांगतो.

आता मूळ प्रश्न. गोदामात माल स्वस्त का निघतो? कारण कळल्याशिवाय भाव कळत नाही. एक कारण मालाचा दोष. दुसरे कारण मालकाची अडचण. दोषाचा माल बारमाही असतो. अडचणीचा माल कधीकधीच येतो, आणि खरी स्वस्ताई त्यातच असते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत रोकड नव्हती म्हणून भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग थंडावले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सुरतेच्या कापड बाजाराने संप केला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा रमजानचा माल गोदामात येऊन पडलेला होता. ईद २५ मे रोजी आली आणि दुकाने बंदच राहिली. तो चांगला, ताजा माल पुढे वर्षभर पडत्या भावाने निघाला. ज्यांच्याजवळ तेव्हा रोकड होती त्यांनी कमावले. आमच्याजवळ नव्हती.

मार्चअखेर हे तिसरे निमित्त. हिशेब बंद करताना साठा कमी दाखवावा, बँकेची मर्यादा मोकळी करावी, म्हणून पेढ्या माल काढतात. २०२३ साली आयकर कायद्यात बदल झाला. लहान उत्पादकाचे पैसे १५ दिवसांत, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. त्यामुळे २०२४ च्या मार्चआधी कित्येक दुकानदारांनी न खपलेला माल सुरतेला परत पाठविला. परत आलेला माल पुढे लॉटमध्येच जातो. मात्र आपल्यासाठी यात एक पेच आहे. २०२५ साली रमजान ईद ३१ मार्चला होती. मार्चअखेरचा स्वस्त माल अशा वर्षी ईदला पोहोचतच नाही. तो घेतला तर पावसाळाभर सांभाळावा लागतो. आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन बाजारात गेल्यावर. तेव्हा मार्चमध्ये घेतलेल्या लॉटचे पैसे सहा-सात महिने अडकले, असे समजूनच भाव करावा.

भावाचा हिशेब आम्ही असा मांडतो. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, १००० मीटरचा लॉट ३८ रुपये मीटरने मिळाला. ३८,००० झाले. त्यावर ५ टक्के जीएसटी १,९००. ट्रक भाडे, हमाली, बांधाई मिळून १,६००. माल दुकानात आला ४१,५०० ला. उघडून पाहिला तर ७०० मीटर निर्दोष, २०० मीटर डागी किंवा तुकड्यांचा, १०० मीटर चिंधी. डागी माल २५ रुपयांनी गेला तर ५,००० आले, चिंधीचे ५०० आले. उरले ३६,०००, आणि ते ७०० मीटरवर पडले. म्हणजे ५१ रुपये ४३ पैसे. आता तोच ताजा माल पेढीवर ४८ रुपयांनी मिळत असेल, तर कर आणि भाडे धरून तो ५२ रुपयांना पडतो. फरक किती राहिला? मीटरमागे ५७ पैसे! ताज्या मालाला उधारी मिळते, खराब निघाला तर परत जातो. लॉटचा माल रोख आणि परत नाही.

जे कंपोझिशन योजनेत आहेत त्यांना खरेदीवरील कर वजावटीस मिळत नाही. त्यांनी तो खर्चच समजावा. नियमित नोंदणीवाल्यांना मिळतो, त्यांचा हिशेब थोडा वेगळा होईल.

या हिशेबात एकच आकडा हातात घेण्यासारखा आहे, तो म्हणजे खराब तीनशे मीटरचा. चांगला माल कोणीही विकतो. खराब हिश्श्याला आपल्या गावात वाट असेल तरच लॉट स्वस्त, नसेल तर महाग. म्हणून अलीकडे आम्ही एकटे लॉट घेत नाही. टेलर मास्तर आणि गाद्या-रजया भरणारे एक पिंजारी बंधू यांना सोबत घेतो. मास्तरांना दीड-दोन मीटरचे तुकडे लहान मुलांच्या कपड्यांसाठी, बंडीसाठी, पिशव्यांसाठी चालतात. रजईवाल्यांना डाग असलेले कापड आतल्या बाजूला चालते आणि चिंध्याही जातात. भाव घेण्याआधीच ठरते की कोण काय आणि कितीला उचलणार. तसे झाले तर वरील उदाहरणातील ५,५०० चे आठ-साडेआठ हजार होतात आणि मीटरमागे चार रुपये सुटतात. गोदामात तिघे गेल्याचा आणखी एक फायदा आहे. कापड आम्ही पाहतो, तुकड्यांची लांबी मास्तर पाहतात, आणि दलालाचे गोड बोलणे तिघांवर एकदम चालत नाही.

पाहणीबद्दल. वरचा ताका पाहू नये, ढिगातून खालचा काढावा आणि पूर्ण उघडावा. दारात उजेडासमोर धरला की तुटलेला ताणा, चुकलेला बाणा, छिद्र दिसते. घडीवर रंग उडाला आहे का पाहावे. जुन्या मालाचा पहिला दोष तोच. खळ असलेल्या कापडावर बुरशी आणि कसर दोन्ही येतात, तेव्हा वास घ्यावा, लाजू नये. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का पाहावे. धागा जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. "शुद्ध कॉटन" म्हणून दिलेल्या मालात असा मणी आम्हाला कितीदा तरी सापडला आहे. काळा माल असेल तर घडीवरचा एक आणि आतला एक धागा काढून तोडून पाहावा, हे आता सांगावयास नको.

शक्य असेल तर सौदा दुसऱ्या दिवसावर ढकलावा. आम्ही एक मीटर विकत घेतो, मुक्कामाच्या ठिकाणी रात्री बादलीत भिजवतो, सकाळी वाळवून मोजतो. मीटरचे ९४ सेंटिमीटर झाले तर शिवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात आखूड होणार आणि बोल मास्तरांना लागणार. बाहेर माल पाठविणाऱ्या कारखान्यांत दोष मोजण्याची गुणांची पद्धत आहे. ३ इंचापर्यंतच्या दोषाला १ गुण, ९ इंचावरील दोषाला ४ गुण, आणि १०० चौरस यार्डात ४० पेक्षा जास्त गुण झाले की बहुधा माल नाकारतात. लॉटच्या मालाला ही कसोटी लावून भागणार नाही, पण दोन-तीन ताक्यांवर असे मोजले की पूर्ण ढिगाचा अंदाज येतो आणि भाव पाडण्यास आधार मिळतो.

ताका २० मीटरचा आहे म्हणजे एकसंध आहे असे नाही. त्यात किती तुकडे आहेत ते मोजावे. अडीच मीटर लागणाऱ्या कुर्त्याला सव्वादोन मीटरचा तुकडा कितीही स्वस्त असला तरी उपयोगाचा नाही.

किलोवर माल घेणाऱ्यांनी वजनाचे मीटर करून घ्यावेत. ११० ग्रॅम चौरस मीटरचे कापड ३६ इंच पन्ह्यात मीटरला १०० ग्रॅम भरते, म्हणजे किलोत १० मीटर. तेच ४४ इंचात सुमारे १२३ ग्रॅम, म्हणजे किलोत ८ मीटर. कापड कोणते ते माहीत नसेल तर एक मीटर कापून सराफाच्या काट्यावर तोलावे. सराफ हसतो, हसू द्यावे. सुती माल पावसाळ्यात किलोवर घेऊ नये. सूत हवेतला ओलावा धरते. व्यापारात त्याचा ओलावा साडेआठ टक्के धरतात, पॉलिएस्टरचा अर्धा टक्काही नाही. दमट गोदामातील सुती गाठीत आपण पाण्याचेही पैसे देतो.

आता आपल्याच भागातील 'सेल'. हिंगोलीला, रिसोडला एखादा हॉल घेऊन "कारखाना बंद, माल थेट गोदामातून" असे फलक लागतात. ओळखण्याची सोपी खूण आहे. खरोखर उरलेला माल असेल तर मापे तुटक असतात. एका शर्टाचे ३८ आहे तर ४० नाही, एक रंग ढीगभर आणि दुसरा नाहीच. सर्व मापे, सर्व रंग ओळीने मिळत असतील तर तो उरलेला माल नव्हे, सेलसाठीच शिवलेला हलका माल आहे. त्यापेक्षा आपल्या ओळखीचा एखादा दुकानदार वय झाले म्हणून दुकान मोडत असेल तिकडे लक्ष ठेवावे. माल त्याने कोठून घेतला, किती वर्षे पडला, हे तो सांगतो. आमच्या आजवरच्या सर्वांत चांगल्या दोन खरेद्या अशाच झाल्या, दहा कोसांच्या आत.

भिवंडीच्या नव्या गोदामांतून ऑनलाइन विक्रीत परत आलेल्या मालाची बंद खोकी वजनावर मिळतात. उघडून पाहू देत नाहीत. आत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. असा सौदा आम्ही करीत नाही, आणि तो का करू नये हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नसावी.

डागी माल विकताना डाग दाखवूनच विकावा. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ती हदीस आपण लहानपणी मदरशात ऐकली आहे. आम्ही दुकानात वेगळी फळी केली असून प्रत्येक डागाला खडूने गोल करतो. गिऱ्हाईक उलट तिकडेच आधी जाते.

शेवटी पावतीचे. लॉटवाले "कच्च्यात घ्या, पाच टक्के वाचतील" म्हणतात. राज्याबाहेरून ५० हजारांवरचा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरचा माल ई-वे बिलाशिवाय हलविता येत नाही. रस्त्यात गाडी अडली आणि मालक पुढे आला तर कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. ८० हजारांच्या सुरतेच्या मालावर कर ४ हजार, दंड ८ हजार, आणि माल सुटेपर्यंत हंगाम जातो तो वेगळा. शिवाय कच्च्या मालात खोट निघाली तर कोणत्या कागदावर भांडणार? १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे तपासून घेतलेल्या मालातील उघड दोषाबद्दल नंतर बोलता येत नाही. पण नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याप्रमाणेच असला पाहिजे. म्हणून पावतीवर ताक्यांची संख्या, पन्हा, मीटर आणि "नमुन्याप्रमाणे" हा शब्द लिहून घ्यावा, आणि नमुन्याचा तुकडा दलालाची सही घेऊन पावतीलाच टाचून ठेवावा.