अजगर म्हणाल, तर घोणस निघेल

पावसाने उघडीप दिली की नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कुठेतरी हाकाटी होते : शेडमागच्या पॅलेटखाली अजगर निघाला! लगेच मोबाइलवर फोटो फिरतो. बघावं तर बहुतेकदा घोणस. अंगावर गोल, काळ्या कडांच्या ठिपक्यांच्या तीन रांगा, साखळीसारख्या ओवलेल्या. छेडली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. अजगराचे डाग मात्र ओबडधोबड, जणू कुणी चिखलाचे शिंतोडे उडवलेत. डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण. अजगराचं हातभर पिल्लू आणि घोणस घाईत सारखीच दिसतात. पहिला बिनविषारी, दुसरी जीव घेणारी.

अजगराला लागतं काय? पाणी, दाट आडोसा आणि ऊब धरणारी भेग किंवा बीळ. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात तो साळिंदराच्या बिळात मुक्काम ठोकतो, थंडीत ऊन खायला तोंडाशी येतो. सिंधूच्या खोऱ्यापासून नेपाळच्या तराईपर्यंत आणि खाली श्रीलंकेपर्यंत भारतीय अजगराचा पसारा आहे. आपल्याकडे कोकण, सह्याद्री, विदर्भातली जंगलं त्याची. ईशान्येकडून पुढे आग्नेय आशियात त्याचा चुलतभाऊ, ब्रह्मी अजगर. दोघांना एकच जात मानत. 2009 साली ते वेगळे ठरले. सगळ्यांत लांब जाळीदार अजगर, सहा मीटरहून मोठा होणारा, भारतात पाहायचा तर निकोबार गाठावं लागतं.

थंड रक्ताचा म्हणून अजगराला कमी लेखू नका. ब्रह्मी अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि गारठा वाढला की स्नायू आखडून-सोडून थरथरते, त्यातून ऊब तयार होते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या अशा मादीवर झालेला अभ्यास 1966 साली ‘सायन्स’मध्ये आला. म्हणजे हिवताप भरल्यागत थरथरून ती अंडी उबवते!

आता अंबडकडे पाहा. पांडवलेणीच्या डोंगरात खडकांच्या कपारी आहेत, नासर्डी जवळून वाहते. पण नासर्डीचा नाला झाला आणि मधली झाडी कंपाउंडांनी तोडली. उंदीर तेवढे भरपूर, आणि ते घोणशीला पुरतात. भल्यामोठ्या अजगराला इथे लपायला जागा उरलेली नाही.

साप दिसलाच तर चार पावलं मागे सरा, काठी उचलू नका, नजर ठेवा आणि वन विभागाला 1926 वर फोन करा. अजगर असेल तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला आहे. घोणस असेल तर तुमचा जीव वाचेल.