इन, धर्मशाळा आणि ढाबा : प्रवाशाच्या भोजनाचा हक्क

ब्रिटनच्या खेड्यापाड्यांतील ‘इन’ म्हणजे प्रवाशाला मुक्काम, जेवण व पेय एकाच छताखाली पुरविणारे घर. केवळ मद्य व खाद्य विकणाऱ्या ‘पब’पासून त्याचे वेगळेपण कायद्यानेही मानले आहे. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार, जागा असताना आणि प्रवासी पैसे देण्यास तयार असताना सबळ कारणाविना त्याला नाकारण्याची इनचालकास मुभा नाही. वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टन्टाइन यांना १९४३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलने वर्णावरून नाकारले, तेव्हा १९४४ साली त्यांनी याच तत्त्वावर दावा जिंकला. भरपाई अवघी पाच गिनी मिळाली. तत्त्व मात्र शाबूत राहिले.

सातारा-सांगली परिसरात ही कामे सहसा एका घराकडे नव्हती. मुक्काम धर्मशाळेत किंवा देवळात, शिधा स्वतःचा, आणि तीन दगडांच्या चुलीवर शिजवायचेही स्वतःच. भाकरी-चटणीची शिदोरी बांधून निघण्याच्या रिवाजामागे काटकसर होती, तशीच कोणाच्या हातचे खावे याची जातीने आखलेली मर्यादाही होती.

ही मर्यादा किती कठोर होती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींतून कळते. १९०१ च्या सुमारास बालवयातील भीमराव घरातील इतर मुलांसह वडिलांकडे गोरेगावला निघाले व मसूर स्थानकावर उतरले. मुलांची जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण शेजारून पायी चालावे या अटीवर. मध्यरात्रीच्या सुमारास जकात नाक्यावर पाणी मागितले असता तेथेही नकारच मिळाला. डबे अन्नाने भरलेले होते. पण पाण्याअभावी मुले उपाशी झोपली. येथे खानावळ असती तरी काय फरक पडला असता, हा प्रश्न उरतोच. शेजारच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांना स्वतः तेथे चहा घेऊन वहिवाट पाडावी लागली.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या कलम १५ (२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून होणारी आडकाठी दूर केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने ती शिक्षापात्र ठरविली. येथे एक बाब सहसा ध्यानी येत नाही. इंग्लंडमधील जुने बंधन इनपुरतेच होते, पबला ते लागू नव्हते. पबमध्ये वर्णावरून ग्राहक नाकारण्यास तेथे १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने बंदी आली. म्हणजे साध्या चहाच्या टपरीचेही दार सर्वांना खुले असावे, हा नियम भारताने पंधरा वर्षे आधी केला. अर्थात नियम आणि वहिवाट यांत अंतर राहिलेच.

पुणे-बंगळूर महामार्गावर कराड ते पेठ नाका या पट्ट्यातील ढाब्यांवर अख्खा मसूर, भाकरी किंवा रोटी, कांदा आणि खर्डा असे जेवण मिळते. ट्रकचालक, उसाचा शेतकरी व सहलीला निघालेले कुटुंब शेजारशेजारी बसते. गावच्या कार्यातील पंगत कोणाची, हे अद्याप नात्यागोत्याने ठरते. ढाब्यावर शेजारी कोण, हे कोणी विचारत नाही. काय हवे ते सांगण्याआधीच पाण्याचा जग टेबलावर येतो.