तुमचा मोती सारखा खाजवतोय का?

रात्री घरातले सगळे झोपले की हॉलमधून आवाज सुरू होतो. पंजा अंगावर घासल्याचा, मध्येच गळ्यातल्या पट्ट्याचा. चार दिवसांत शेपटीच्या बुडाशी केस गेलेले दिसतात आणि घरात वाद पेटतो. आजी म्हणते हळद-खोबरेल लावा, मुलगा मोबाइलवर औषध शोधतो आणि शेजारच्या काकू सांगतात, ‘‘त्याला बाल्कनीत बांधा, मुलांना होईल.’’

खाज हा आजार नाही, लक्षण आहे. म्हणून आधी बघा, मोती नेमकं कुठे खाजवतो.

शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या मांड्यांवर खाजवत असेल तर पहिला संशय पिसवांवर घ्या. पिसू दिसली नाही म्हणजे ती नाहीच असं नसतं. उवांच्या बारीक फणीने केस विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी धूळ असा रंग सोडत नाही. पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात.

इथेच बहुतेकांची चूक होते. औषध फक्त कुत्र्याला लावलं जातं. पण पिसवांची अंडी त्याच्या अंगावरून घरंगळून गादीत, सतरंजीत, सोफ्याच्या फटीत पडतात. त्यांचे कोष कित्येक आठवडे तसेच पडून राहू शकतात आणि पावसाळ्याची उबदार, दमट हवा त्यांना मानवते. त्यामुळे अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कानेकोपरे झाडा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध निदान तीन महिने चुकवू नका. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला अजिबात लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

कानाच्या कडा आणि कोपरांवर खपल्या धरल्या असतील, कुत्र्याला खाजेने झोपही लागत नसेल, तर खरूज असू शकते. ही माणसांनाही लागते. केस जाऊन गोल चट्टे पडले तर नायटा असू शकतो, तोही मुलांना होतो. म्हणजे काकू अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पण बाल्कनी हा त्यावर इलाज नाही. पशुवैद्य त्वचा थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याला फार वेळ लागत नाही. निदान होईपर्यंत मुलांना त्याच्या अंथरुणापासून दूर ठेवा, त्याला हाताळल्यावर हात धुवा, एवढं पुरे.

पंजे सतत चाटणं, पोट लाल होणं, कान पुन्हा पुन्हा दुखणं ही बहुधा अॅलर्जीची खूण. अंगाला आंबूस वास येत असेल तर बुरशीही वाढलेली असते. खाण्याचा संशय आला की सगळे आधी चिकन बंद करतात. पण खरी परीक्षा म्हणजे डॉक्टरांनी ठरवून दिलेला एकच आहार साधारण आठ आठवडे, दुसरं काहीही नाही. ही परीक्षा बहुतेक घरांत आजोबांच्या चहाबरोबरच्या बिस्किटावर मोडते. आजोबांना आधीच विश्वासात घ्या.

आपला साबण आणि शॅम्पू कुत्र्यासाठी नाहीत, त्याने त्याची त्वचा कोरडी पडते. औषधी शॅम्पू दिला असेल तर तो दहा मिनिटं अंगावर राहू द्या, लगेच धुतला तर पैसे वाया. नंतर बोटांच्या बेचक्यापर्यंत पुसून कोरडं करा. खोबरेल थोडं लावलं तर बिघडत नाही, पण त्याने पिसवा जात नाहीत. फिनाईल, रॉकेल, टी ट्री तेल मात्र अंगाला नकोच, कारण जे लावाल ते तो चाटणार. आपल्या नायट्याच्या मलमात अनेकदा स्टेरॉइड असतं. त्याने खाज दोन दिवस दबते आणि खरं दुखणं झाकलं जातं. हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याचे केस ‘गरम होतंय’ म्हणून तासू नका, तेच केस उन्हापासून त्याचा बचाव करतात.

आणि गोचीड. ती चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, जाळू नका, बोटांनी चिरडू नका. गोचीड सापडल्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत कुत्र्याने जेवण टाकलं, अंग तापलं किंवा हिरड्या पांढरट दिसल्या, तर खाजेचं नंतर बघू. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोचिडीमुळे होणारा ताप रक्ताच्या तपासणीत कळतो आणि वेळेत सुरू केलेल्या औषधाने बहुतेक कुत्री बरी होतात.