'स्थानिक विरुद्ध पर्यटक' : संशोधनाचा प्रश्न कसा मांडाल?

६ जुलै २०२४ रोजी बार्सिलोनात सुमारे २,८०० लोक मोर्चाला उतरले. काहींनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं आणि ते दृश्य जगभर पोचलं. समजा, याच विषयावर तुम्हाला संशोधन प्रस्ताव लिहायचाय. पहिला प्रश्न बहुधा असा सुचेल : 'स्थानिक लोक पर्यटकांवर का चिडतात?' इथेच थांबा.

या प्रश्नामागे एक जुनं प्रारूप आहे. १९७५ मध्ये डॉक्सी यांनी 'इरिडेक्स' मांडला. पर्यटक वाढत गेले की स्थानिकांची भावना चार पायऱ्यांनी बदलते : आधी आनंद, मग उदासीनता, मग चीड आणि शेवटी उघड वैर. समजायला सोपं आहे, म्हणून प्रस्तावांत हमखास दिसतं. अडचण अशी, की ते अख्ख्या गावाला एकाच पायरीवर उभं करतं.

आता 'स्थानिक' म्हणजे कोण, ते बघा. फ्लॅट पर्यटकांना देणारा मालक स्थानिकच. भाडं परवडेना म्हणून घर सोडणारा भाडेकरूही स्थानिकच. आणि हॉटेलातला वेटर? त्याचा पगार पर्यटकांवर चालतो, पण घर त्यालाही भाड्यानेच शोधावं लागतं. तो कुठल्या पायरीवर? दुसऱ्या बाजूलाही तसंच. लॅपटॉप घेऊन सहा महिने राहणारा परदेशी माणूस रूढ अर्थाने पर्यटक नाही, पण घरासाठीच्या स्पर्धेत तोही आहेच.

म्हणून भावनेऐवजी वस्तू धरा : लोक नेमकं कशासाठी भांडतायत? पार्क ग्वेलकडे जाणारी ११६ नंबरची छोटी बस घ्या. पर्यटकांच्या गर्दीमुळे वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना चढायलाच मिळत नव्हतं. शेवटी २०२४ मध्ये पालिकेच्या विनंतीवरून हा मार्ग गूगल मॅप्सवरून काढला गेला. इथे वाद परदेशी माणसाशी कमी, बसमधल्या जागेशी जास्त आहे. आणि जागा मोजता येते.

मग प्रश्न असा होतो : 'अमुक वस्तीत पर्यटक-फ्लॅट वाढल्यावर भाडेकरूंच्या भाड्यात आणि स्थलांतरात काय फरक पडला?' यात वस्ती ठरली, गट ठरला, मोजायचं काय तेही ठरलं. मुलाखती घ्याच, पण मालक, भाडेकरू आणि कामगार यांच्या वेगवेगळ्या.

यात एक संधीही आहे. पर्यटक-फ्लॅटचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, असं महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं. म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना करता येईल. फक्त 'आधी'ची आकडेवारी आत्ताच गोळा करायला हवी. २०२९ मध्ये ती नव्याने मिळवता येणार नाही.

तुमचा प्रस्ताव उघडा आणि 'स्थानिक' हा शब्द जिथे जिथे आलाय, तिथे बाजूला लिहा : कोणते?