वसंतातील सहल आणि शांत स्थळाची निवड

रब्बीची मळणी आटोपून धान्य घरात आले आणि खरिपाच्या पूर्वमशागतीस अद्याप अवधी असला, म्हणजे शेतकरी कुटुंबास वर्षातील थोडीशी उसंत लाभते. पूर्वी हे दिवस गावोगावच्या जत्रा, लग्नकार्ये व लेकींची माहेरपणे यांत जात. अलीकडे पुष्कळ कुटुंबे या दिवसांत दोन-तीन दिवसांची सहलही काढतात. परंतु स्थळ निवडताना बहुधा नावाजलेल्या ठिकाणाचाच विचार होतो. तेथे गर्दी, गोंगाट व वाढलेले दर यांना तोंड द्यावे लागते, आणि विश्रांतीसाठी निघालेली माणसे अधिकच थकून परततात. निसर्गाच्या सान्निध्यातील शांत जागा निवडणे मुळीच अवघड नाही. त्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत.

तीन प्रश्न

पहिला प्रश्न हंगामाचा. त्या महिन्यात त्या ठिकाणी निसर्गात काय चालले आहे, हे विचारावे. फाल्गुनात पळस, पांगारा व सावर फुलतात. चैत्रात झाडांना नवी पालवी फुटते. अनेक प्राण्यांचा व पक्ष्यांचा विणीचा काळही याच सुमारास असतो. जे पाहण्यासाठी जावयाचे, त्याच्या वेळेप्रमाणे आपली सुट्टी बेतावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मुबलक पडत असला, तरी जांभ्या दगडातून व उतारावरून ते पाणी लवकर निघून जाते. त्यामुळे एप्रिल व मे महिन्यांत तेथील कित्येक विहिरी तळाला जातात. चार कुटुंबांच्या विहिरीवर चाळीस पाहुण्यांचे स्नान झाले, तर त्याचा भार यजमानांच्या घरच्या स्त्रियांवर पडतो.

तिसरा प्रश्न राखणदारीचा. एखादी जागा शांत राहते ती आपोआप नव्हे. कोणीतरी ती राखलेली असते. जेथे गावकऱ्यांनी स्वतः नियम घातले आहेत व पाहुण्यांपासून होणारे उत्पन्न गावातच राहते, ते स्थळ पसंत करावे.

वेळासचे उदाहरण

या तिन्ही प्रश्नांचा उलगडा रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावाच्या उदाहरणाने चांगला होतो. मंडणगड तालुक्यातील हे गाव सावित्री नदीच्या मुखाजवळ वसले असून, नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ते परिचित आहे. गावापुढील वाळूच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या रात्री येतात. मादी मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद असा मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात सुमारे शंभर किंवा त्याहून अधिक अंडी घालते, खड्डा बुजवून टाकते आणि समुद्रात परत जाते. पिलांची काळजी ती घेत नाही. अंडी वाळूच्या उबेने ४५ ते ६० दिवसांत उबतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात व थंड राहिली तर नर, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पूर्वी ही अंडी माणसे खाण्यासाठी व विकण्यासाठी काढून नेत. उरलेली कुत्री व कोल्हे उकरीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांच्या साहाय्याने येथे संरक्षणाचे काम सुरू केले. किनाऱ्यावर गस्त घालून अंडी गोळा करावयाची, कुंपण घातलेल्या जागेत तशाच आकाराच्या खड्ड्यांत ती पुरावयाची आणि बाहेर आलेली पिले सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडावयाची, अशी ही पद्धत आहे. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग देणारे यंत्र बसविण्यात आले व तिला ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले.

पिले सोडली जात असताना पाहावयास मिळतात, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पाहुणे येथे येऊ लागले. त्यांची उतरण्याची व भोजनाची सोय गावातील घरांतूनच होते. ज्या अंड्यांच्या विक्रीतून एकदाच चार पैसे मिळत, ती राखल्याने दरवर्षी घरात उत्पन्न येऊ लागले. संरक्षणास गावाची साथ टिकून राहण्यास या व्यवहाराचा मोठा आधार आहे.

पाहुण्यांनी पाळावयाच्या गोष्टी

वाळूतून निघालेले पिलू समुद्रावरील उजेडाच्या रोखाने चालते. किनाऱ्यावर विजेरी, मोटारीचे दिवे किंवा छायाचित्रासाठी झगझगीत प्रकाश असेल, तर ते भलत्याच दिशेस जाते आणि उन्हाने किंवा कावळ्यांच्या चोचीने मरते. वाळूतील पाऊलखुणाही त्याला खाचखळग्यांप्रमाणे अडवितात. यासाठी दोरीच्या पलीकडे जाऊ नये, पिलास हात लावू नये, दिवा लावू नये व मोठ्याने बोलू नये. पिले रोजच निघतात असे नाही. तरी निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी, आणि एखादे दिवशी पिले न दिसल्यास यजमानांस दोष देऊ नये. परीक्षांमुळे मुलांना मोठी सुट्टी नसेल, तर मार्च महिन्यातील एखादा शनिवार-रविवार पुरेसा होतो.

अन्य स्थळे

हीच कसोटी इतरत्रही लावावी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू तेथील उंच झाडांवर घरटी बांधतो. देवस्थानाच्या परिसरात यात्रेकरूंची गर्दी असते. परंतु आहुपे गावाजवळील देवराईसारख्या जागी शांतपणे बसणाऱ्यास अरण्य पाहावयास मिळते. मात्र या दिवसांत पाचोळा वाळलेला असल्याने वणव्याचे भय मोठे असते. म्हणून रानात चूल मांडू नये व विडी-काडी टाकू नये. अकोले तालुक्यातील पुरुषवाडी येथे काजवे पाहण्यास लोक जातात. परंतु त्यांचा बहर वळवाच्या पावसानंतर, मेअखेर व जूनच्या आरंभी असतो. तेव्हा त्यासाठी चैत्रात जाणे व्यर्थ होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

आपल्या गावातही अशी एखादी देवराई, तळे किंवा पक्ष्यांची वस्ती असू शकते, आणि पाहुणे बोलाविण्याची इच्छा गावकऱ्यांस होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले असल्याने शेतकऱ्यांस या कामी मार्गही खुला झाला आहे. तथापि जाहिरात करण्यापूर्वी ग्रामसभेत पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी किती पाहुण्यांस पुरेल, हे मोजावे. एका दिवशी किती माणसे घ्यावयाची, ती संख्या त्यावरून निश्चित करावी. शौचालय व कचऱ्याची सोय आधी करावी. कोणत्या जागेत कोणत्या काळी कोणीही जाऊ नये, हे लिहून फलकावर लावावे. भोजनात घरचीच भाकरी, पिठले, फणसाची भाजी व सोलकढी असावी. ती स्वस्त पडते व पाहुण्यांसही आवडते.

पाहुण्यांची संख्या पाण्यापेक्षा वाढली, दिवे व भोंगे किनाऱ्यापर्यंत पोहोचले, म्हणजे प्रथम प्राणी ती जागा सोडतात आणि त्यांच्यामागून पाहुणेही सोडतात. मग गावाच्या हाती आटलेली विहीर व कचरा एवढेच उरते. याउलट, मोजकी माणसे व पाळलेले नियम यांच्या बळावर तीच जागा पुढील पिढीसही उपजीविका देऊ शकते. जाणाऱ्याने व बोलाविणाऱ्याने हे लक्षात ठेवून यंदाची सहल आखावी.