लॅपटॉपमधली धूळ : पहिल्यांदाच साफ करताना

धूळ येते कुठून? उन्हाळ्यात मध्य प्रदेशातल्या धार-देवासकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाच्या, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीचा भुसा.

साचते कुठे? पंखा आणि हीटसिंकच्या पातळ पात्यांच्या मध्ये. तिथे नमद्यासारखा थर बसतो. बाहेरच्या जाळीतून तो सहसा दिसत नाही.

लक्षणे : पंखा सतत घोंगावतो, लॅपटॉप मंदावतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात.

आधी : लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. तळ उघडल्यावर बॅटरीची जोडणी सोडवावी. स्क्रू अनेकदा वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर तळाचे चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी ठेवावा. वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात.

हवा मारताना : पंख्याचे पाते बोटाने धरावे. मोकळे सोडले तर ते भरधाव फिरते, बेअरिंग बिघडू शकते. दाबलेल्या हवेचा कॅन उभाच धरावा, झोत थोडा थोडा. आडवा केला तर थंडगार द्रव बाहेर येतो.

नको : घरचा व्हॅक्यूम क्लीनर (स्थिर विजेचा धोका), ओले फडके, तोंडाने फुंकर.

अपवाद : २०२० पासूनच्या, एम-मालिकेच्या चिपच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही.